आटे कापलेले की रोल केलेले?

प्रश्न : मी यांत्रिकी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेटल कटिंगमध्ये चिप (धातूचा कीस) निघते, फॉर्मिंगमध्ये (दाबून आकार देताना) निघत नाही, एवढंच पाठ केलंय. त्यानं वस्तूत काय फरक पडतो? आणि प्रेसवर पत्रा कापतात, ते कशात धरायचं?

उत्तर : चिपची खूण बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबू नकोस. एम १० चा, म्हणजे १० मिमी बाहेरच्या व्यासाचा बोल्ट घे, पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी. लेथवर आटे पाडायचे तर १० मिमीचा गज लागतो. टूल धातू काढत आत जातं आणि आट्याच्या तळाशी साधारण ८.१६ मिमी व्यास उरतो. तेच आटे रोल करायचे तर गज जवळपास ९ मिमीचाच घेतात. डायच्या, म्हणजे कडक साच्याच्या दाबानं तळ आत जातो, तिथला धातू सरकून माथा १० पर्यंत चढतो. आधी आणि नंतर वजन कर, तेवढंच भरेल.

इतकी वर्षं टूलरूममध्ये काढल्यावर मला जास्त मोलाची वाटते ती आतली गोष्ट. गजात धातूचे तंतू लांबीच्या दिशेनं गेलेले असतात. आटे कापले की ते प्रत्येक खाचेत तुटतात. रोल केले की आट्याच्या आकाराबरोबर वळतात. शिवाय थंड दाबल्यानं पृष्ठभाग कडक होतो आणि तळाशी दाबाचा ताण साठून राहतो. म्हणून सतत हिसके खाणाऱ्या बोल्टला तडा उशिरा जातो. असा बोल्ट निवडताना मी तरी रोल केलेलाच घेईन.

मग सगळंच दाबून का करत नाहीत? बीड (कास्ट आयर्न) ठिसूळ, थंड दाबलं तर फुटतं. डाय महाग, दोन-चार नगांसाठी कोण करणार? वाकवलेला पत्राही दाब सुटला की थोडा मागे येतो. शतांश मिलिमीटरचं माप हवं असेल तर शेवटी कटिंग किंवा ग्राइंडिंगच. फोर्ज केलेल्या (तापवून, दाबून घडवलेल्या) क्रँकशाफ्टचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भागसुद्धा टर्न करून ग्राइंड करावेच लागतात.

राहिला प्रेसवरचा पत्रा. पंच (प्रेसचा कापणारा वरचा भाग) पत्र्यात शिरताना धातू आधी दबतो, मग पंच आणि डायच्या धारांपासून तडे निघून एकमेकांना मिळतात. तुकड्याची कड भिंगातून बघ : एक चकचकीत पट्टा आणि त्याला लागून खरबरीत भाग दिसेल. चिप कुठेच नाही, त्यामुळे पुस्तकांत ब्लँकिंग (पंचानं पत्र्याचा तुकडा असा कापणं) बहुधा पत्राकामात, फॉर्मिंगच्या बाजूला घालतात. पेपरातही तिथेच लिही.