बाबांची व्हीटेक ठेवावी की विकावी?

फोंड्याच्या एका वाचकांनी विचारलंय: "वडिलांनी 2003 मध्ये घेतलेली होंडा सिटी व्हीटेक मी रोज पणजीला नेतो. सस्पेन्शन, रेडिएटर, एसी आणि खालचा गंज मिळून मेकॅनिक 1 लाख 40 हजार सांगतो. विकली तर 90 हजार येतील. नवी गाडी 12 लाखांना पडते. 3 लाखांची मुदत ठेव मोडून बाकीचं कर्ज काढू का? घरात आई आहे, ठेवीपलीकडे शिल्लक नाही."

नमस्कार. "90 हजारांच्या गाडीवर 1 लाख 40 हजार कोण घालतं?" असं मेहुणे म्हणाले, हेही तुम्ही लिहिलंय. त्यांची काळजी खरी आहे, पण तुलना चुकली. जुन्या गाडीचा खर्च तिच्या बाजारभावाशी ताडून पाहायचा नसतो. तिच्या जागी जे आणणार, त्याच्या खर्चाशी ताडायचा.

नव्या गाडीचं कर्ज धरू: 9 लाख, 9 टक्के, 7 वर्षं. हप्ता साधारण 14,500, एकूण व्याज 3 लाखांच्या वर. पहिल्या दोन वर्षांतच व्याजापोटी दीड लाखाच्या आसपास जातील. शिवाय दोन वर्षं उलटली की विमा कंपन्या गाडीची किंमत 30 टक्क्यांनी कमी धरतात; 12 लाखांतली शोरूमची किंमत साडेदहा लाख असेल तर सव्वातीन लाखांच्या आसपास तिथे गेले. म्हणजे दोन वर्षांत साडेचार लाखांहून जास्त. व्हीटेकला आताचे 1 लाख 40 हजार आणि पुढे वर्षाला 60 हजार धरले, तरी 2 लाख 60 हजार होतात.

सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हे खरं. पण नव्या गाडीसाठी तुम्ही ती ठेव मोडणार. आईला रात्री बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी हाताशी काय उरेल? मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

तेव्हा माझं मत: गाडी ठेवा, पण 2028 पर्यंतच. 15 वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढते, त्यामुळे तुमची पुढची मुदत 2028 लाच संपते. वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी आता 10 हजार आहे, आणि फिटनेस तपासणी वेगळी. त्यात तुमच्या गाडीत एअरबॅग नाहीत. आईला घेऊन हायवेवर जाणाऱ्या माणसाला त्यापुढे नोंदणी वाढवा असं मी सांगणार नाही, बाबांच्या आठवणी कितीही असोत.

मात्र मेकॅनिकला होकार देण्याआधी पावसाळ्यापूर्वी गाडी रॅम्पवर चढवा आणि स्वतः खाली उभे राहा. आपल्या खाऱ्या हवेत इंजिनाआधी पत्रा जातो. दाराखालची पट्टी, फ्लोअर, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा भक्कम असेल तर आधी ब्रेक, रबरी होज, टायमिंग बेल्ट आणि सस्पेन्शन. एसी शेवटी, पैसे उरले तर. विमा थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानापुरता, पुरे. 1500 सीसीपर्यंत तो 3,416 रुपये अधिक कर आहे. त्यासोबत मालकाचं 15 लाखांचं अपघात कवच घ्या.

नव्या गाडीला 14,500 भरायची तयारी होतीच ना? त्यातले 5 हजार व्हीटेकसाठी बाजूला काढा, उरलेले 9,500 दरमहा आवर्ती ठेवीत टाका. 24 महिन्यांत व्याज सोडून 2 लाख 28 हजार होतात. दुरुस्तीनंतर मूळ ठेवीतले 1 लाख 60 हजार राहतील; त्यांना हात लावू नका.

सस्पेन्शनच्या जागी पत्रा कुजलेला निघाला, तर एक रुपयाही न घालता 90 हजार घ्या आणि त्या पैशांत भर घालून पाच-सहा वर्षांची छोटी गाडी बघा. विकताना फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून आरसी नव्या मालकाच्या नावावर चढल्याची खात्री करा. तोवर अपघात झाला तर नोटीस तुमच्याच घरी येईल.