दुरुस्त केले, पण मोजले का? नँड फ्लॅशच्या ड्रायव्हरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या बोर्डवरच्या नँड (फ्लॅश मेमरी) चिपचे पेज, म्हणजे एकावेळी वाचायचा-लिहायचा तुकडा, २०४८ बाइटचे आणि त्याचा ओओबी, म्हणजे डेटाशेजारची जादा जागा, ६४ बाइटचा आहे. कंट्रोलर दर ५१२ बाइटमागे ८ बिटपर्यंत दुरुस्ती करतो. लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिला, वाचणे-लिहिणे नीट चालते. पण चिप नवीकोरी असूनही यूबीआय (फ्लॅशची झीज आणि खराब ब्लॉक सांभाळणारा लिनक्सचा थर) धडधाकट ब्लॉकमधला (एकदम पुसल्या जाणाऱ्या पेजच्या गटातला) डेटा सारखा दुसरीकडे हलवत राहते. चूक कुठे शोधावी?

उत्तर : बहुधा तुमच्या रीड-पेज फंक्शनच्या परतीच्या आकड्यात. चुका दुरुस्त करणे हे ड्रायव्हरचे निम्मे काम. किती बिट उलटले होते हे वरच्या थराला खरे सांगणे, हे उरलेले निम्मे. तिथेच पुष्कळ ड्रायव्हर घसरतात.

तुमच्या पेजमध्ये ५१२ बाइटच्या चार स्टेप, म्हणजे स्वतंत्रपणे दुरुस्त होणारे तुकडे, आहेत. समजा एका वाचनात त्यांत अनुक्रमे २, २, १ आणि २ बिट दुरुस्त झाले. एमटीडीच्या (लिनक्सच्या फ्लॅश हाताळणाऱ्या भागाच्या) आकडेवारीतल्या ‘करेक्टेड’मध्ये ७ मिळवायचे, पण फंक्शनने परत द्यायचे २, म्हणजे कोणत्याही एका स्टेपमधला सर्वांत मोठा आकडा. कारण ८ बिटची क्षमता स्टेपमागे आहे, पेजमागे नाही. मुद्दाम वेगळे काही ठरवले नसेल, तर एमटीडी क्षमतेच्या तीन चतुर्थांशावर इशाऱ्याची पातळी ठेवते. ८ बिटला ती ६ येते. परत आलेला आकडा ६ किंवा जास्त असला की वाचणाऱ्याला ‘ईयूक्लीन’ (डेटा बरोबर, पण ब्लॉक हलवा, असा इशारा) मिळते आणि यूबीआय तो ब्लॉक हलवायला घेते. तुम्ही बेरीज करून ७ परत देत असाल, तर ठणठणीत ब्लॉकही आजारी ठरतो आणि चिप उगाच झिजते.

याची उलट चूक जास्त घातक आहे. काही ड्रायव्हर सरळ ० परत देतात. मग एकाच स्टेपमध्ये ७ बिट उलटले तरी वर कोणाला पत्ता लागत नाही. डेटा बरोबर मिळत राहतो, आणि नववा बिट उलटला की एकदम हातचा जातो. तो वाचवायची संधी आधी होती, फक्त कोणी सांगितले नाही.

दुरुस्तीपलीकडे गेलेल्या स्टेपसाठी ‘फेल्ड’ हा मोजणीचा आकडा एकने वाढवा आणि पुढच्या स्टेपकडे जा. रीड-पेजमधून ‘ईबॅडमेसेज’ (-७४, दुरुस्त न होणारी चूक) स्वतः परत देऊ नका. नँडचा गाभा ‘फेल्ड’ वाढला का ते पाहूनच पुन्हा वाचायचे की चूक कळवायची हे ठरवतो. ऋण आकडा फक्त टाइमआउट, डीएमए (प्रोसेसरविना होणारी डेटाची ने-आण) यांसारख्या अडचणींसाठी राखून ठेवावा.

दुरुस्ती चिपच्या आतच होत असेल आणि स्टेटस रजिस्टर नुसते ‘दुरुस्त केले’ एवढेच सांगत असेल, तर लिनक्सचा एसपीआय-नँड (एसपीआय जोडणीवरच्या नँड चिपचा) गाभा पूर्ण क्षमतेचा आकडा परत देतो. नक्की आकडा कळायला मार्ग नसेल तर वाईटात वाईट धरावे, हेच योग्य.

प्रश्न : ब्लॉक पुसल्यावर लगेच वाचला तर -७४ येते. पुसलेल्या पेजमध्ये चूक कसली?

उत्तर : पुसलेल्या पेजमध्ये डेटा आणि ओओबी दोन्हीकडे सगळे बाइट एफएफ, म्हणजे सगळे बिट १, असतात. पण सगळ्या एफएफ डेटाचा बीसीएच कोड (ओओबीत ठेवायचे दुरुस्तीचे बाइट) काढला तर तो सहसा एफएफ येत नाही. कंट्रोलरला दोन्हींचा मेळ लागत नाही आणि तो हात वर करतो. लिनक्सच्या सॉफ्टवेअर बीसीएचमध्ये कोडवर असा मुखवटा चढवलेला असतो की पुसलेल्या पेजचा कोडही एफएफच यावा. हार्डवेअरमध्ये ही सोय नसेल तर ड्रायव्हरला सांभाळून घ्यावे लागते.

‘सगळे एफएफ असेल तर सोडून दे’ एवढी तपासणी पुरत नाही. पुसलेल्या पेजमध्येही एखादा बिट ० वाचला जातो. त्यासाठी गाभ्यात ‘नँड-चेक-इरेज्ड-ईसीसी-चंक’ हे फंक्शन आहे. स्टेप नापास झाली तरच ते बोलवा. त्याला त्या स्टेपचा डेटा, ईसीसी (दुरुस्तीच्या कोडचे) बाइट आणि मर्यादा म्हणून ८ द्या. ते ० वाचले गेलेले बिट मोजते. मर्यादेत असतील तर बफर एफएफने भरून तो आकडा परत देते, नाहीतर -७४.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. पहिली, डेटा रॉ, म्हणजे दुरुस्ती न लावता, वाचलेला हवा. काही कंट्रोलर नापास होण्याआधी बफरमध्ये भलतीच ‘दुरुस्ती’ करून ठेवतात. दुसरी, ईसीसी बाइट वगळू नका. खरोखर लिहिलेल्या पेजमध्ये डेटा जवळजवळ सगळा एफएफ असू शकतो. तो लिहिलेला आहे हे ईसीसी बाइटवरूनच कळते. ते न पाहिल्यास खरा डेटा ‘कोरा’ समजून एफएफने भरला जाऊन वर जातो.

प्रश्न : बूटलोडरने लिहिलेले विभाजन कर्नलला वाचता येत नाही, प्रत्येक पेज नापास. चिप खराब आहे का?

उत्तर : प्रत्येक पेज नापास होत असेल तर चिपवर संशय घेऊ नका. दोघांचा ईसीसीचा हिशोब वेगळा आहे.

५१२ बाइट म्हणजे ४०९६ बिट. बीसीएचच्या गणितातल्या १२ बिटच्या क्षेत्रात (फील्डमध्ये) डेटा आणि कोड मिळून होणारा शब्द ४०९५ बिटपर्यंतच जातो, एका बिटने कमी पडतो. म्हणून १३ घ्यावे लागतात. ८ बिट दुरुस्तीला १३ गुणिले ८, म्हणजे १०४ बिट, नेमके १३ बाइट. चार स्टेपचे ५२, खराब ब्लॉकच्या खुणेचे २. ६४ पैकी १० उरतात. पण टीआयच्या एएम३३५एक्स प्रोसेसरचा बूट रॉम (सुरू होताना चालणारा आतला पहिला प्रोग्राम) दर स्टेपला १४ बाइट धरतो. तिथे ५६ आणि २ मिळून ५८ होतात, आणि दुसऱ्या स्टेपपासून कोडची जागा सरकते. एक स्टेप बरोबर आणि पुढच्या तीन नापास, असे दिसले तर हेच कारण आधी पाहा.

एकच पेज दोन्हीकडून लिहा, ‘नँडडंप’ला ‘नोईसीसी’ आणि ‘ओओबी’ हे पर्याय देऊन ते वाचा आणि ओओबीचे ६४ बाइट शेजारी शेजारी ठेवा. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) ‘नँड-ईसीसी-स्टेप-साइज’ आणि ‘नँड-ईसीसी-स्ट्रेंग्थ’ स्पष्ट लिहा. ‘नँड-ईसीसी-मॅक्सिमाइझ’ बूटलोडरशी वाटून घेतलेल्या विभाजनाला लावू नका. कर्नल ओओबीत मावेल तेवढी ताकद स्वतः निवडेल आणि पुन्हा मेळ जाईल.

प्रश्न : खरे बिट उलटण्याची वाट न पाहता हे सगळे तपासता येते का?

उत्तर : येते. एमटीडी-युटिल्समधले ‘नँडबिटएर्स’ इन्क्रिमेंटल पर्यायासह चालवा, पण रिकाम्या विभाजनावरच, कारण तिथला डेटा जातो. ते एक पेज लिहिते आणि दर फेरीला एकेक बिट ० करून तेच पेज रॉ लिहिते. तुमच्या चिपवर आठव्या बिटपर्यंत डेटा बरोबर यावा आणि नवव्याला वाचन नापास व्हावे. नववा बिटही ‘बरोबर’ आला तर रॉ लेखन खरे रॉ नाही. कंट्रोलर पाठीमागून नवा कोड लिहितो आहे. आधी ते दुरुस्त करा, मग बाकीच्या निकालांवर विश्वास ठेवा.

प्रत्येक फेरीनंतर सिसएफएसमधला (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या /sys फोल्डरमधला) ‘करेक्टेड-बिट्स’ आणि ‘ईसीसी-फेल्युअर्स’ पाहा. पाच बिट उलटवले तर त्या वाचनाने पहिला आकडा पाचनेच वाढला पाहिजे. ‘नँडसिम’ (नँड चिपची नक्कल करणारे कर्नल मॉड्यूल) यूबीआयच्या सरावाला छान आहे, मात्र त्यात तुमच्या कंट्रोलरचा कोड चालतच नाही.