शोषखड्डा पाणी पितो की ओकतो?

प्रश्न : आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात, वस्ती १८००. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. घरोघरी नळ आले आणि गटारं तुंबून वाहू लागली. सगळं पाणी शाळेमागून ओढ्याला जातं. ओढ्याकाठच्या सार्वजनिक विहिरीच्या पाण्याला आता वास येतो. कोणी म्हणतं पाणी जमिनीत मुरवायला घरोघरी शोषखड्डे काढा, तर एक जण शहरातल्या सोसायटीसारखं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून देतो म्हणतो. काय करावं? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आत्ताच दोघांनाही हो म्हणू नका. यंत्राचं म्हणाल तर ते विजेवर चालतं. पथदिव्यांचं बिल थकवणारी ग्रामपंचायत त्याची मोटर किती दिवस चालू ठेवील, हे तुम्हालाच जास्त ठाऊक.

शोषखड्ड्यांत मी स्वतः तोंडघशी पडलोय. नोकरीत असताना भारी काळ्या जमिनीच्या एका गावात ऐन मे महिन्यात ४० खड्डे काढले, फोटोही काढले. जुलैत एका आजींनी मला हाताला धरून न्हाणीपाशी नेलं. मोरीतून पाणी उलटं वर येत होतं. म्हणाल्या, "साहेब, तुमचा खड्डा पाणी पितो का ओकतो?" नांदेडकडच्या गावांत याच खड्ड्यांमुळे उघड्या गटारांची गरज उरली नाही, पण काळी माती भिजली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. म्हणून आधी हातभर खोल भोक घ्या, रात्री पाण्यानं भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरा. तासाभरात इंचभरही उतरलं नाही तर शोषखड्ड्याचा नाद सोडा.

त्याच्याही आधी एक काम. भल्या पहाटे गटाराच्या कडेनं चालत जा. न्हाणी-मोरीचा पाइप बहुधा दोन-अडीच इंची असतो. चार इंची पाइप गटारात सोडलेला दिसला तर समजा, संडासाच्या टाकीचं पाणी आहे. विहिरीचा खरा शत्रू तोच. शौचालयाचं अनुदान घेऊन टाकी बांधायची आणि तिचं तोंड गटारात काढायचं, हे मी इतक्या गावांत पाहिलंय की आता रागही येत नाही. हे पाइप बंद झाल्याशिवाय पुढचा रुपया खर्च करू नका. तोवर त्या विहिरीचं पाणी पिऊ नका. गावात पाणी तपासायला शिकवलेल्या महिला असतील, त्यांच्याकडून जिवाणू तपासणीची बाटली भरून घ्या. पाणी काळं पडलं तर दूषित.

आता हिशेब. माणशी ५५ लिटर धरले तर दिवसाला ९९ हजार लिटर. त्यातलं ८० टक्के, म्हणजे जवळपास ८० हजार लिटर सांडपाणी. ते शुद्ध करायला झाडं लावलेल्या खडीच्या वाफ्यातून दोन दिवस फिरवायचं, खडीचा थर दोन फुटांचा, तर सहा-सात गुंठे जागा लागते. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५ हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद होती. तुमच्या गावाला पाच लाख चार हजार. एवढ्यात सात गुंठे खडी बसणं कठीण. (चालू आकडा पंचायत समितीत विचारा.) म्हणून ज्यांना परस आहे त्यांचं पाणी केळी, अळू, शेवग्याला वळवा. निम्मी घरं वळली तरी तीन-साडेतीन गुंठ्यांत भागेल.

उरलेल्या पाण्याला आधी जाळी आणि गाळाची कुंडी, मग खडीचा वाफा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेची फायटोरिड पद्धत याच जातीची. वाफा विहिरीच्या खालच्या अंगाला आणि लांब घ्या. तळाला तुमचीच काळी माती ठोकून बसवा. खड्ड्यात नडलेली माती इथे कामाला येते. बाहेर पडणारं पाणी झाडांना द्या, पालेभाजीला नको.

गाळाची कुंडी दर पंधरवड्याला कोण उपसणार आणि त्याला किती देणार, हे ग्रामसभेच्या ठरावातच लिहून घ्या. आणि भोकातलं पाणी किती उतरलं ते कळवा, मग वाफ्याचं माप काढून देतो.