क्रिएटिनिन 1.1 असताना लघवीची तपासणी कशाला?

आपल्या सासूबाईंचे वय 68, मधुमेह 12 वर्षांपासून, क्रिएटिनिन 1.1 म्हणजे अहवालानुसार मर्यादेत. तरीही डॉक्टरांनी लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी लिहून दिली, ती खरोखर आवश्यक आहे का, असे आपण विचारले आहे. आवश्यक आहे, आणि ती लांबणीवर टाकू नये. मी डॉक्टर नाही, परंतु इंदूरच्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत बरीच वर्षे हेच नमुने हाताळत आलो आहे.

क्रिएटिनिन हा मूत्रपिंडे रक्तातून गाळून काढतात तो टाकाऊ पदार्थ, पण तो स्नायूंतून तयार होतो, त्यामुळे तोच आकडा दोन माणसांत अगदी वेगळी गोष्ट सांगतो. वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंडांचे काम मोजणाऱ्या 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात 1.1 हा आकडा घातला, तर 30 वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे 93 येतो आणि 68 वर्षांच्या स्त्रीचा सुमारे 55. मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा हा अंदाज असतो. तो तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. म्हणजे ज्या अहवालावर काहीही लाल अक्षरांत छापलेले नाही, तोच आपल्याला थांबून विचार करायला सांगतो आहे. शिवाय आपल्याकडच्या कृश, शाकाहारी वृद्धांत स्नायू कमी असल्याने प्रत्यक्ष स्थिती या अंदाजाहूनही वाईट असू शकते. शंका राहिल्यास सिस्टॅटिन-सी ही दुसरी रक्ततपासणी उपयोगी पडते.

लघवीची तपासणी याहून वेगळे काही सांगते. गाळणी झिजू लागली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरते, आणि मधुमेहात हे बहुधा ईजीएफआर घसरण्याच्या आधीच घडते. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर प्रति ग्रॅम 30 मिलिग्रॅमच्या आत असावे. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीला एवढे सूक्ष्म प्रमाण सहसा कळत नाही. सकाळची पहिली लघवी द्यावी, ताप किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असताना देऊ नये, आणि आकडा वाढलेला आला तर घाबरून न जाता काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे, कारण एका नमुन्यावरून निदान होत नाही.

आमच्या रामबागेतल्या घरी माझ्या आईचे क्रिएटिनिनचे कागद वर्षानुवर्षे फाइलमध्ये नीट लावलेले होते. लघवीची ही तपासणी मात्र कोणीच सुचवली नव्हती, आणि माझ्याही लक्षात आले नाही, याचे दुःख आजही आहे. त्या काळात गुडघेदुखीसाठी ती दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेत होती. अशा गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात, म्हणून सासूबाई त्या घेत असतील, तर डॉक्टरांना अवश्य सांगा. रक्तदाब घरी मोजून लिहून ठेवा, आणि जेवणात मिठाबरोबर शेवेचाही हिशेब धरा.

वेळेवर कळण्याचा उपयोग आता पूर्वीपेक्षा मोठा आहे. लोसार्टनसारख्या रक्तदाबाच्या औषधांनी मधुमेहातील मूत्रपिंडाची घसरण मंदावते, हे 2001 च्या चाचण्यांत दिसले. 2019 मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनने आणि 2020 मध्ये डापाग्लिफ्लोझिनने, या मूळच्या मधुमेहाच्या औषधांनी, हा लाभ आणखी वाढवला, दुसऱ्याने तर मधुमेह नसलेल्या रुग्णांतही. कोणते औषध द्यायचे, हे डॉक्टर दोन्ही आकडे शेजारी ठेवून ठरवतील. कुटुंबातील आजार हाही एक धोका मानला जातो, त्यामुळे आपल्या यजमानांची साखर, रक्तदाब आणि हीच लघवीची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.