प्राणिशास्त्र सोडून बायोइन्फर्मेटिक्सकडे वळू का?

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. गोड्या पाण्यातल्या सारख्या दिसणाऱ्या माशांच्या जाती डीएनएवरून वेगळ्या ओळखता येतात, असं वाचलं आणि हेच काम करावंसं वाटू लागलं. मग खवले आणि परांचे काटे मोजण्यात वेळ कशाला घालवायचा? एमएस्सीला थेट बायोइन्फर्मेटिक्स, म्हणजे डीएनएसारखी जैविक माहिती संगणकावर तपासण्याचं शास्त्र, घेऊ का? यात नोकरी आहे का, असं बाबा विचारतात.

उत्तर : बाबांच्या प्रश्नाकडे नंतर येते. तू जे काम टाळू पाहते आहेस, ते टळणारं नाही.

डीएनए वाचणाऱ्या यंत्रातून त्याची अक्षरं बाहेर येतात, जातीचं नाव येत नाही. नाव मिळतं ते माहितीसाठ्यातल्या आधीच्या नोंदींशी जुळवून. आणि त्या नोंदींना नाव कुणीतरी मासा हातात घेऊन, काटे मोजूनच दिलेलं असतं. तिथे ओळख चुकली असेल, तर ती चूक पुढच्या प्रत्येक जुळणीत उतरते. अशा चुकीच्या नावाच्या नोंदी सार्वजनिक साठ्यांमध्ये आहेत.

कॅनडातले पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये 'डीएनए बारकोडिंग'ची कल्पना मांडली. मायटोकॉन्ड्रिया या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि जात ओळखायची. बहुतेक माशांना हे लागू पडतं. पण तुला ज्याची ओढ आहे, त्या अगदी जवळच्या जातींतच ते अडखळतं. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सुमारे १५ हजार वर्षांत सिक्लिड माशांच्या शेकडो जाती तयार झाल्या. रंग वेगळे, जबडे वेगळे, खाणं वेगळं. पण सीओआयमध्ये फरक साठायला वेळच मिळालेला नाही. त्यात संकराची भर. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, त्यामुळे दिसायला एका जातीचा मासा दुसऱ्या जातीचं सीओआय बाळगून असू शकतो. म्हणून आता पेशीकेंद्रातल्या जनुकसंचातली हजारो ठिकाणं एकदम तपासतात.

मग उलटीच अडचण उभी राहते. एवढ्या तपशिलात दोन नद्यांमधली एकाच जातीची मासळीसुद्धा वेगळी दिसते. प्रत्येक गट नवी जात म्हणायचा का? संगणक रेघ मारून देतो, ती कुठली हे तो सांगत नाही: जातींमधली की फक्त गटांमधली. त्यासाठी शरीररचना, अधिवास, प्रजनन पाहावं लागतं. या विषयातली खरी मजा मला तरी इथेच वाटते.

तेव्हा आर (विश्लेषणाची संगणकभाषा), लिनक्स (संगणकाची कार्यप्रणाली) आणि संख्याशास्त्र नक्की शिक, पण प्राणिशास्त्राच्या जोडीला. पदवीच्या नावापेक्षा एमएस्सीच्या प्रकल्पात तू स्वतः नमुना गोळा करून विश्लेषणापर्यंत नेलास का, याला जास्त वजन असतं. एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेव : मासे टिकवायला वापरतात त्या फॉर्मेलिनमुळे डीएनए खराब होतो. आधी पराचा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा, मगच मासा फॉर्मेलिनमध्ये. नमुने घेण्याआधी परवानगी लागते का, तेही बघ.

आता बाबा. फक्त वर्गीकरण करणाऱ्यासाठी कायमच्या जागा थोड्याच असतात, त्यासाठीही पीएचडी लागते आणि नंतर काही वर्षं कराराची जाऊ शकतात. हे त्यांच्यापासून लपवू नकोस. पण हीच कौशल्यं इतरत्रही चालतात. नदीच्या नुसत्या पाण्यातल्या डीएनएवरून तिथल्या जाती शोधणं, एका माशाच्या नावाखाली दुसराच विकला जातोय का हे तपासणं, मत्स्यबीज केंद्रातल्या पैदाशीच्या माशांत भेसळ झाली का ते पाहणं. यातल्या प्रयोगशाळेच्या कामांना कित्येकदा एमएस्सीही पुरते.

पुढे पीएचडीसाठी प्रयोगशाळा निवडताना एकच विचार : ज्या माशांचे डीएनए वाचले, ते मासे कोणत्या संग्रहालयात, कोणत्या क्रमांकाने ठेवले आहेत? उत्तर देताना तिथे चाचपडायला लागले, तर दुसरी प्रयोगशाळा शोध.