रस्त्याकडेचे गाजर गवत: पैसा कुणाचा, काम कसे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पावसाळा तोंडावर आला की रस्त्याकडेच्या तणाविषयी आणि त्यात दडणाऱ्या प्राण्यांविषयी पत्रे येऊ लागतात. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

गावाला येणाऱ्या चार किलोमीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाजर गवत आणि घाणेरी माजली आहे. ते काढायला सरकारचा वेगळा निधी मिळतो का? अर्ज कुणाकडे करायचा? — एक सरपंच, यवतमाळ जिल्हा

‘तण निर्मूलन’ नावाचे अनुदान शोधण्यात वेळ घालवू नका. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात रस्त्याकडेचे तण आणि उपद्रवी प्राणी यांच्यासाठी ग्रामीण परिषदांना राज्य सरकार वेगळा पैसा देते. आपल्याकडे रस्ता ज्याचा, कडेच्या साफसफाईचा खर्च त्याचा, असा हिशेब आहे. म्हणून पहिले काम म्हणजे रस्ता कुणाच्या नोंदीत आहे हे पाहणे. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे येतात.

रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर सुरुवातीलाच असलेला फलक वाचा. काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षे देखभाल ठेकेदारानेच करायची असते, आणि झुडपे छाटणे, कडेचे गवत काढणे हे त्या देखभालीतच येते. या मुदतीत ग्रामपंचायतीने स्वतःचा पैसा घातला तर ठेकेदाराचे काम फुकट करून दिल्यासारखे होते. फलकावरची पूर्णत्वाची तारीख टिपून उपअभियंत्यांना पत्र द्या.

मुदत संपलेल्या ग्रामीण मार्गासाठी जिल्हा परिषदेचे ३०५४ हे देखभाल-दुरुस्तीचे लेखाशीर्ष (खर्चाचे खाते) असते. पत्रात ‘रस्त्यावर झाडी वाढली आहे’ एवढेच लिहिले तर ते फायलीत जाऊन पडते. रस्त्याचा क्रमांक, साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर, उदा. १/२०० ते १/८००), कोणत्या बाजूला किती रुंदीचा पट्टा, कोणत्या वळणावर समोरचे वाहन दिसत नाही, हे लिहा. अपघाती वळणाचा उल्लेख असला की अंदाजपत्रकात ते काम वर सरकते.

पाणंद, शिवरस्ता आणि गावठाणातले रस्ते यांचा खर्च मात्र ग्रामपंचायतीलाच उचलावा लागतो. त्यासाठी ग्रामनिधी किंवा वित्त आयोगाचा अबंधित निधी वापरता येतो. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणीपुरवठा आणि स्वच्छतेसाठी राखीव, आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी होती. अबंधित पैसा राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांवर खर्च करता येतो, आणि रस्ते त्यात आहेत. गावठाणातल्या गटाराकाठची सफाई सांडपाणी व्यवस्थापनात बसवता येते. शिवारातल्या रस्त्याकडेचे गवत बंधित निधीत ढकलले तर लेखापरीक्षणात हमखास आक्षेप निघतो.

काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या पोर्टलवर त्याचा खर्च टाकताच येत नाही. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्या ग्रामसभेत विषय घेतला तर पैसा पुढच्या आर्थिक वर्षात, म्हणजे बरोबर पावसाळ्याआधी, हाताशी येतो. जुलैत गवत कमरेला लागल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही.

हेच काम रोजगार हमीतून का होत नाही? मजूर तर गावातच आहेत. — एक ग्रामपंचायत सदस्य, नांदेड जिल्हा

२००५ च्या महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अनुसूची १ मध्येच गवत काढणे, खडे वेचणे यांसारखी मोजता न येणारी, पुन्हा पुन्हा करावी लागणारी कामे घेऊ नयेत असे म्हटले होते. (डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला.) त्यामुळे ‘गाजर गवत काढणे’ या नावाचा प्रस्ताव तालुक्यावरूनच परत यायचा. रस्त्याच्या दुतर्फा वृक्षलागवड हे मात्र त्या कायद्यात बसणारे काम होते, आणि लागवडीच्या संगोपनात खुरपणी यायची. ज्या पट्ट्यात खरोखर झाडे लावून जगवायची आहेत तिथे हा मार्ग सध्या खुला आहे का, ते तालुक्याला विचारून घ्या. तण काढायचे निमित्त म्हणून झाडे लावू नका. पुढच्या तपासणीत जिवंत रोपांची टक्केवारी विचारली जाते.

मागच्या वर्षी जेसीबी लावून दोन्ही कडा साफ केल्या. या वर्षी गाजर गवत आधीपेक्षा दाट आले. असे का? — एक ग्रामपंचायत अधिकारी, बीड जिल्हा

जेसीबीने कडा खरवडल्या की आधीचे गवत आणि तरोटा (टाकळा) निघून जातो आणि माती उघडी पडते. गाजर गवताला हेच हवे असते. एका झाडाला १० ते २५ हजार बिया येतात आणि त्या मातीत काही वर्षे जिवंत राहतात. ओल मिळाली की कोणत्याही हंगामात उगवतात, आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलोरा येतो. खरवडलेली माती पुढे ढकलली गेली म्हणजे बियाही पुढे गेल्या. वर साइडपट्टी भरायला आणलेला मुरूम गाजर गवत माजलेल्या खाणीतला असेल तर नवे बी तुम्हीच विकत आणलेत. मुरूम उचलण्याआधी खाणीचा काठ पाहून घ्या. यंत्राने साइडपट्टी खोल जाऊन डांबराची कड उघडी पडते, पाण्याची पाइपलाइन फुटते, हे नुकसान वेगळेच.

जेसीबी घाणेरी आणि वेड्या बाभळीपुरता ठेवा. तिथेही नुसते छाटून उपयोग नाही, दोन्ही बुडातून फुटतात. घाणेरीचे मुख्य मूळ फुटव्यांच्या जागेखाली दोन-तीन इंचांवर तोडून बुंधा उलटा करून वाळवायचा. वेडी बाभूळ जमिनीखाली फूटभर खणून बुंध्यासकट काढायची.

गाजर गवतासाठी अंदाजपत्रक एका फेरीचे करू नका, तीन फेऱ्यांचे करा. पहिली फेरी पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी. तेव्हा पाने जमिनीला चकतीसारखी चिकटलेली असतात आणि ओल्या मातीतून रोप मुळासकट उपटते. दुसरी ऑगस्टमध्ये, तिसरी पाऊस सरता सरता. कळी धरल्यावर विळ्याने कापले तर बुडातून फुटवा येतो आणि बुटक्या झाडालाच फुले लागतात. मजुरांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडाला फडके द्या. ही खरेदीही अंदाजपत्रकात धरा. खाज, त्वचारोग आणि दमा हे त्रास खरे आहेत, आणि एकदा अंगावर चट्टे उठलेला मजूर दुसऱ्या फेरीला येत नाही.

फुलोऱ्याआधीचे उपटलेले गवत कंपोस्टला चालते. फुलावर आलेले खड्ड्यात घालू नका, जागच्या जागी वाळवून जाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तरोट्याचे बी गोळा करून एप्रिल-मेमध्ये साफ केलेल्या पट्ट्यात फेका. दाट तरोटा उगवला की गाजर गवत दबते. सगळ्यात स्वस्त उपाय हाच, पण त्यात बिल निघत नसल्याने कुणी सुचवत नाही. १९८० च्या दशकात मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा भुंगाही पावसाळ्यात पाने फस्त करतो. ज्या तुकड्यात तो दिसेल तिथे फवारणी करू नका.

बिलाआधी मोजमाप पुस्तिकेत साखळीनुसार लांबी-रुंदी आणि प्रत्येक फेरीची तारीख येऊ द्या. एकाच जागेवरून काढलेले आधीचे आणि नंतरचे फोटो जोडा. ‘झुडपे काढणे’ हे काम कागदावरच होण्यात फार बदनाम आहे.

फवारणीत मजुरी वाचते असे सांगतात. प्रमाण किती ठेवावे? शेजारी कापूस आहे. — एक शेतकरी, जळगाव जिल्हा

कापूस शेजारी असेल तर २,४-डी हे तणनाशक वापरू नका. वाऱ्याने उडालेल्या थोड्याशा फवाऱ्यानेही कापसाची पाने भेंडीसारखी चिंचोळी होतात आणि पाते गळतात. द्राक्षालाही तोच धोका. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. धुतलेल्या पंपातूनही कापसावर नुकसान होते.

गाजर गवत मारायचे आणि गवतवर्गीय तसेच ठेवायचे असेल तर मेट्रिब्युझिन हे तणनाशक लिटरला ३ ते ५ ग्रॅम. तणे लहान असतानाच फवारा. ग्लायफोसेट हे तणनाशक सगळेच हिरवे मारते, म्हणजे पुन्हा उघडी माती. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. ग्रामपंचायतीने ते घेण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून सध्याचा नियम लेखी घ्यावा.

पहिल्या पत्रातल्या रस्त्यासाठी पाण्याचा हिशेब असा: चार किलोमीटर, दोन बाजू, प्रत्येकी दोन मीटर, म्हणजे १६,००० चौरस मीटर, १.६ हेक्टर. हेक्टरी ५०० लिटरप्रमाणे ८०० लिटर, १६ लिटरचे ५० पंप. फवारणाऱ्याचा वेग आधी साध्या पाण्यावर तपासा. ५० मीटर लांब, दोन मीटर रुंद पट्ट्यात ५ लिटर संपले पाहिजे. कमी संपले तर तो पळतो आहे. नाल्याचे गढूळ पाणी घेऊ नका आणि पानांवर रस्त्याची धूळ बसलेली असताना फवारू नका. ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून निकामी होते. एका चांगल्या सरीनंतर पाने धुतली गेली, सुकली, आणि पुढचे पाच-सहा तास उघडीप दिसत असली की फवारा.

रस्त्याकडेच्या झाडीतून रानडुकरे, उंदीर आणि गोगलगाई शेतात येतात. यासाठी ग्रामपंचायत काय करू शकते? — काही शेतकरी, लातूर आणि धाराशिव जिल्हे

रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. पिकाचे नुकसान करणाऱ्या डुकराला मारण्याची परवानगी कलम ११ खाली वन विभागच देतो. ग्रामपंचायतीचा ठराव त्या जागी चालत नाही. ग्रामपंचायतीने दिवसा लपायची जागा, म्हणजे वेड्या बाभळीची आणि घाणेरीची जाळी, काढावी.

उंदरांसाठी संध्याकाळी साइडपट्टीतली सगळी बिळे चिखलाने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत, औषध फक्त त्यांच्यासाठी. आधी दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवा, नाहीतर उंदीर आमिषाला तोंड लावत नाही. मग ९६ भाग भरडा, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाईड, काठीने ढवळून. कागदात दहा ग्रॅम गुंडाळून बिळात आत सरकवा आणि तोंड बंद करा. उघड्यावर टाकलेले आमिष मोर, कुत्री आणि शेळ्या खातात, आणि या विषावर उतारा नाही. मेलेले उंदीर सकाळीच गोळा करून पुरा. नंतर बिळे मुरूम ठोकून भरा, नाहीतर पावसाचे पाणी आत शिरून साइडपट्टी खचते.

गोगलगाईंनी २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागातले सोयाबीन उगवतानाच खाल्ले. दिवसा त्या कडेच्या ओल्या गवतात आणि दगडांखाली असतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती रस्ता आणि बांध यांच्या मध्ये अंथरा, सकाळी खाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका. सगळ्या गावाने एकाच आठवड्यात, पेरणीच्या आधी केले तरच फरक दिसतो. एकट्याने आपला बांध साफ केला तर शेजारच्या बांधावरून त्या दोन रात्रींत परत येतात.