सहा महिन्यांत दवाखाना?

प्रश्न : मी 34 वर्षांची, नागपुरात महाल भागात राहते, बॉटनीत बी.एस्सी. केलंय, सध्या एका शाळेत लॅब असिस्टंट आहे. आमची आजी भंडाऱ्याकडची, तिला झाडपाल्याची भल्ली माहिती होती, तिची औषधांची वही माझ्याकडे आहे. आता एक ऑनलाईन कोर्स दिसला, सहा महिन्यांचा, फी 35,000, शेवटी 'सर्टिफाईड क्लिनिकल हर्बलिस्ट' असं सर्टिफिकेट मिळते. ते घेऊन घरीच छोटा दवाखाना टाकता येईल का? नवरा म्हणते, काहून पैसे बुडवून राहिली.

उत्तर : ताई, यावेळी नवऱ्याचं ऐका. 'क्लिनिकल हर्बलिस्ट', म्हणजे झाडपाल्याच्या औषधांनी पेशंट बघणारा, हा शब्दच इकडचा नाही, इंग्लंड-अमेरिकेतला आहे. इंग्लंडात अशा हर्बलिस्टांची संघटना 1864 पासून आहे आणि तिथे शिकणाऱ्याला जाणत्या माणसाच्या हाताखाली शेकडो तास पेशंट बघावे लागतात. तुमच्या कोर्समध्ये असे तास किती, हे विचारलं का? आपल्याकडे या नावाची नोंदणीच नाही. महाराष्ट्रात पेशंट तपासून आयुर्वेदिक औषध द्यायचं तर बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी आणि वर राज्याच्या कौन्सिलची नोंदणी लागते, नाहीतर बोगस डॉक्टर म्हणून केस होते, मग भिंतीवर सर्टिफिकेट कितीही चकचकीत असो.

बीएएमएस म्हणजे साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्याआधी 'नीट' ही प्रवेश परीक्षा. वय आड येत नाही, बारावीचं फिजिक्स पुन्हा उघडायची तयारी मात्र पाहिजे. सक्करदऱ्याला सरकारी आयुर्वेद कॉलेज आहे, एकदा जाऊन तर या.

आता तुमच्या बॉटनीबद्दल, कारण ती फुकट नाही जात. आपल्या सिव्हिल लाईन्समध्ये बंगल्यांपुढे जो सरळसोट उंच अशोक दिसतो ना, तो औषधातला अशोक नव्हेच. खरा अशोक म्हणजे साराका असोका, पसरट वाढणारा, केशरी-लाल फुलांचे झुबके येणारा, आणि बाजारात त्याच्या सालीत या उंचवाल्याची साल मिसळलेली सापडते. कोरोनात सगळे गुळवेल प्यायचे, मग लिव्हरच्या तक्रारींवरून वाद झाला, तेव्हा आयुष मंत्रालयाने सांगितलं की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा वेगळी, तिला गुळवेल समजू नका. हा फरक ज्याला डोळ्याने कळतो त्याची औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलला गरज असते, आणि तिकडे जायला एम.एस्सी. पुरते, दवाखाना नाही लागत.

पण झाड ओळखणं वेगळं आणि माणूस ओळखणं वेगळं, हे मला इंटर्नशिपमध्ये समजलं. एक काका यायचे, बीपीची गोळी रोज घेत होते तरी बीपी उतरेना, आम्ही पथ्य विचारलं, मीठ विचारलं, झोप विचारली, सगळं ठीक. शेवटी सर बोलता बोलता म्हणाले, ॲसिडिटीला काय घेता? तर हे वर्षभर सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचं चूर्ण खाऊन राहिले होते, कोणी शेजाऱ्याने सांगितलं म्हणून! ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं की अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं, बीपी चढतं. हे पुस्तकात मी दोनदा वाचलं होतं बरं का, समोरच्या माणसाला विचारायचं मात्र सुचलं नाही. ते सुचायला ओपीडीत कोणाच्या तरी शेजारी बसावंच लागते.

चूर्ण करून विकायचा विचार असेल तर त्यालाही एफडीएचं, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाचं, लायसन लागतं, घरच्या मिक्सरवर दळून पुड्या नका बांधू.

राहिली आजीची वही. ती जपा. मी असतो तर सुट्टीच्या दिवशी एकेक नाव घेऊन झाड शोधलं असतं, फांदी-पानं वाळवून कागदावर चिकटवून हर्बेरियम शीट केली असती, शास्त्रीय नाव आणि आजीने काय वापरलं, मूळ की पान की साल, ते शेजारी लिहिलं असतं. एवढंच सांभाळा, वहीत बिब्ब्याचं काही असेल तर ते करून बघू नका, शोधन न केलेल्या, म्हणजे औषधासाठी आधी शुद्ध न केलेल्या, बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तरी फोड येतात. आजीला शोधन कसं करायचं ते हाताने माहीत असणार, आणि जे हाताने माहीत असते ते बायका वहीत लिहीत नाहीत. भंडाऱ्याला तिच्या वयाचं कोणी असेल तर आधी त्यांच्याकडे जा, नीटचा फॉर्म नंतर भरा.